पहिल्या पावसानंतर विहिरीचा टीडीएस वाढला कसा?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात: हवामानामुळे भूजलातले क्षार बदलतात का, आणि पहिल्या पावसानंतर तुमच्या विहिरीचा टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं एकूण प्रमाण) उतरायचा सोडून चढला कसा. दुसऱ्याचं उत्तर पहिल्यातच आहे.

माझं माहेर विदर्भात दर्यापूरकडचं, पूर्णा नदीच्या खारपाण पट्ट्यातलं, म्हणजे जिथे जमिनीखालचं पाणीच खारट; आणि सासर कोकणात दापोलीचं. सासरी पहिल्यांदा धुणं धुताना सवयीने भरपूर साबण घासला, तर फेस जाता जाईना. माहेरी तोच साबण पाण्यात नासल्या दुधासारखा फाटायचा. तुरीची डाळ तासभर रटरटली तरी दाणा वेगळाच!

गंमत म्हणजे दोन्हीकडे मूळ दगड एकच, काळा बेसाल्ट. दापोलीत तो झिजून जांभा झालाय, पूर्णेच्या खोऱ्यात मुख्यतः त्याचाच गाळ जाड साचलाय. पाऊस मुरताना मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन उतरतो. त्या सौम्य आम्लाने दगडातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम सुटतं, पाण्यात बायकार्बोनेट येतं. इथवर सगळीकडे सारखंच.

दापोलीत वर्षाला ३५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस. सुटलेलं सगळं झऱ्या-ओढ्यांनी समुद्राला मिळतं. लाखो वर्षं असं धुतलं गेल्यावर जांभ्यात उरलंय ते मुख्यतः लोखंड आणि ॲल्युमिनियम. त्यामुळे पाणी हलकं, किंचित आम्लधर्मी. आमच्या परसातल्या विहिरीत टीडीएस मीटर लिटरला शंभर मिलिग्रॅमच्या आतबाहेर असतो.

दर्यापूरला जेमतेम ७००-८०० मिलिमीटर, आणि मग मे महिन्यातलं ४५ अंशांचं ऊन. पाणी उडून जातं, क्षार जागेवर राहतात. (सगळा दोष उन्हावर टाकू नये, जमीन सपाट, माती चिकण, निचरा म्हणून नाही.) पाणी आटत गेलं की सगळ्यात आधी चुना बाहेर पडतो. नांगरटीत पांढरे चुनखडे वर येतात ना, त्यातल्या एकावर लिंबू पिळा, फसफसेल. कॅल्शियम असं खड्यांत अडकलं की पाण्यात सोडियम, क्लोराइड, सल्फेट यांचंच राज्य. तेच सोडियम मातीला चिकटलं की रान चोपण होतं, म्हणजे घट्ट, पाणी मुरू न देणारं. फ्लोराइडचंही तसंच: त्याला बांधून ठेवणारं कॅल्शियम कमी पडलं की तो पाण्यात वाढतो. यवतमाळ, चंद्रपूरच्या काही बोअरमध्ये तो लिटरला १.५ मिलिग्रॅमच्या मर्यादेपलीकडे जातो.

आता तुमचा जून. उन्हाळाभर वरच्या मातीत क्षार, खताचं आणि शेणखताचं नायट्रेट वाळून बसलेलं असतं. पहिल्या सरी ते विरघळवतात आणि विहिरीत आधी तेच पोचतं. पुढे भरपूर पाणी मुरलं की साधारण सप्टेंबरपर्यंत टीडीएस खाली येतो. पाऊस मध्येच दडी मारून बसला, किंवा दोन दिवसांत धो धो कोसळून वाहून गेला, तर धुणं अर्धवटच राहतं.

म्हणून जूनच्या नमुन्यात नायट्रेट मुद्दाम तपासून घ्या. पिण्याच्या पाण्यात मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. टीडीएस मीटर ते वेगळं दाखवत नाही. घरात तान्हं बाळ असेल तर निकाल येईपर्यंत हे पाणी त्याला देऊ नका, उकळूनही नको. उकळल्यावर पाणी तेवढं उडतं, नायट्रेट पातेल्यातच राहतं.