पोपटी लावण्याआधी शेंग दाबून बघा

प्रश्न : आम्ही चार मित्रांची कुटुंबे वर्षाअखेरीला रायगडातल्या नागावला जमतो. दरवर्षी बिर्याणी मागवतो, नाहीतर शेगडीवर कबाब भाजतो. या ३१ डिसेंबरला मुख्य जेवण म्हणून पोपटी लावायची ठरवली आहे. खाल्ली सगळ्यांनी आहे, लावली मात्र कोणीच नाही. मोठी माणसे आठ, मुले दोन. साहित्य, भरण्याचा क्रम आणि वेळ सविस्तर सांगाल का? – एक वाचक, ठाणे

उत्तर : आधी तारखेबद्दल. पोपटी हा चिकनचा पदार्थ समजून बेत आखला की निम्मी गोष्ट तिथेच बिघडते. पोपटी शेंगांची असते : मडक्यात भरून, मडके उपडे करून भोवतीच्या आगीत भाजलेल्या वालाच्या शेंगा. चिकन आणि अंडी तिच्या सोबतीला. रायगडात भाताची कापणी झाल्यावर जमिनीत उरलेल्या ओलीवर वाल पेरतात, त्यामुळे शेंगा नीट भरतात त्या साधारण जानेवारीत. ३१ डिसेंबरला बाजारात शेंगा दिसतील, पण त्यांतल्या बऱ्याच चपट्या असतील. घेण्यापूर्वी शेंग दोन बोटांत दाबून बघा. आतला दाणा बोटाला ठळक लागला पाहिजे आणि साल हिरवी, लवचिक हवी. चपटी शेंग मडक्यात आकसून नुसते साल उरते. पिवळी पडलेली जून शेंग तासभर आगीत राहूनही पिठूळ होत नाही. डिसेंबरअखेर भरलेल्या शेंगा मिळाल्या नाहीत, तर बेत २६ जानेवारीच्या सुट्टीवर ढकला. तारीख बदलायला मित्र कुरकुरतील, पण तेव्हाची शेंग खाल्ली की विषय संपेल.

तुमच्या दहा जणांसाठी प्रमाण असे : गावठी वालाच्या शेंगा अडीच किलो, हाडासकट चिकन दीड किलो, लिंबाएवढे किंवा त्याहून थोडे मोठे बटाटे १ किलो, अंडी १२, जाडे मीठ सुमारे १०० ग्रॅम, ओवा ४ मोठे चमचे, भांबुर्ड्याच्या (हा उग्र वासाचा रानपाला) दोन मोठ्या जुड्या, केळीची चार पाने. हे सगळे मावायला १५ लिटरचे मडके लागते. त्यात पाणी ओतून मोजून घ्या आणि मग दोन दिवस उन्हात वाळवा. लहान मडक्यात कोंबाल तर वाफ फिरायला जागा उरणार नाही. फार मोठे घ्याल तर उलटे केल्यावर आतले थर घसरून एकमेकांत मिसळतील.

चिकनचे तुकडे ८० ते १०० ग्रॅमचे ठेवा आणि प्रत्येकाला हाडापर्यंत दोन चिरा द्या. वाटणात १० हिरव्या मिरच्या, लसणाच्या २० पाकळ्या, दोन इंच आले, दोन मुठी कोथिंबीर, दोन लिंबांचा रस, एक चमचा हळद आणि चवीप्रमाणे मीठ. मुलांसाठी एक पुडी कमी मिरचीची करून तिच्यावर वेगळी गाठ मारा. वाटण लावून चार-पाच तास फ्रीजमध्ये मुरू द्या आणि मडके भरण्याच्या अर्धा तास आधी बाहेर काढा. केळीचे पान विस्तवावर धरून मऊ करा म्हणजे दुमडताना फाटत नाही. एका पुडीत चार-पाच तुकडे घ्या, पण एकावर एक रचू नका. पुडी चपटी, दोन बोटे जाडीची असावी, आणि केळीच्या सोपटाने बांधावी.

शेंगा सोलायच्या नाहीत, मोडायच्याही नाहीत. धुऊन, निथळून, मीठ आणि ओवा हाताने चोळून दहा मिनिटे ठेवा. बटाट्यांना सालासकट एकेक चीर द्या आणि मीठ भरा. अंडी धुऊन पुसा. तडा गेलेले बाजूला काढा.

आता भरणे. मडके आगीत उलटे राहणार आहे, म्हणजे भरताना जे खाली ते भाजताना वर. नवख्यांचा गोंधळ नेमका इथे होतो. उष्णता वर चढते, ज्वाळाही वर जातात आणि आत अडकलेली वाफसुद्धा मडक्याच्या बुडाशी साठते. त्यामुळे ज्याला जास्त शिजायचे आहे ते बुडाकडे जायला हवे. तळाला भांबुर्ड्याचा चार बोटे जाड थर द्या आणि कडांनाही पाला लावत या. त्यावर शेंगांचा पातळ थर, मग चिकनच्या पुड्या, पुन्हा शेंगा, मग बटाटे कडेने, मध्ये शेंगा. अंड्यांना सगळ्यांत कमी उष्णता पुरते, म्हणून ती तोंडाजवळ आणि शेंगांच्या अगदी मध्ये ठेवा. मडक्याला टेकली तर फुटतात. वर उरलेल्या शेंगा. शेवटी तोंड भांबुर्ड्याने दाबून, ठासून बंद करा. मडके आडवे धरून हलवले तरी आतले हलता कामा नये. पाणी आणि तेल, दोन्ही घालायचे नाही. शेंगांच्या आणि पाल्याच्या अंगचे पाणी पुरते.

मोकळ्या जागी, गवत आणि झाडांपासून दूर, भुसभुशीत मातीत चार बोटे खोल खळगा करा आणि मडके त्यात उपडे बसवा. कडेने माती सारा. भोवती आणि वर सुकी पाने, पेंढा, काटक्या, झावळ्या, नारळाची सोडणे आणि गोवऱ्या रचा. पेंढा भडकतो आणि विझतो, म्हणून तो पेटवण्यापुरता. खरी धग गोवऱ्या आणि सोडणांची. आग चारही बाजूंनी एकाच वेळी लावा. नुसत्या शेंगांची पोपटी ३० ते ४० मिनिटांत होते. चिकन असेल तर ५० ते ६० मिनिटे धरा आणि या वेळात धग सारखी राहील असे जळण घालत राहा.

झाली की नाही हे मडक्यावर बोटांनी पाण्याचे चार थेंब शिंपडून बघतात. चुर्र आवाज होऊन थेंब क्षणात उडाले आणि भांबुर्ड्याचा वास धुरातूनही यायला लागला, की निखारे बाजूला ओढा आणि मडके दहा मिनिटे तसेच राहू द्या. मधेच उघडून बघू नका. एकदा वाफ गेली की ती परत आणता येत नाही. मग कोरड्या जाड गोणपाटाने धरून मडके सरळ करा, तोंडाचा पाला चिमट्याने काढा आणि सगळे केळीच्या पानांवर ओता. ओले फडके वापरू नका, त्यातून वाफ होऊन हात भाजतो. वर्तमानपत्रावर ओतण्याची सवय बऱ्याच ठिकाणी आहे. छपाईची शाई गरम, ओलसर अन्नाला लागते, म्हणून ती सोडा.

जेवण आठला हवे असेल तर चिकन दुपारी एकला वाटणात, सहाला मडके भरायला घ्या आणि पावणेसातला आग लावा. सोबत तांदळाची भाकरी, चिरलेला कांदा आणि लिंबू पुरे.

प्रश्न : गेल्या हिवाळ्यात पोपटी लावली. एका बाजूच्या शेंगा कोळसा झाल्या आणि चिकन हाडाजवळ लाल राहिले. आग तर तासभर मोठी होती. चूक कुठे झाली? – एक वाचक, पुणे

उत्तर : आग मोठी होती, पण बहुधा एकाच बाजूला. वारा ज्या दिशेला वाहतो त्या बाजूला ज्वाळा झुकतात आणि मडक्याची तीच बाजू तापत राहते. वारा जिकडून येतो त्या बाजूला विटांचा किंवा पत्र्याचा आडोसा करा आणि जळणही त्याच बाजूला थोडे जास्त घाला. दुसरे कारण मोठ्या ज्वाळेचेच. मडक्याची भिंत झपाट्याने तापते, तिला लागून असलेल्या शेंगा करपतात, पण मधल्या भागापर्यंत उष्णता पोचायला वेळ हवा असतो. पहिली दहा-पंधरा मिनिटे ज्वाळा आणि पुढे मध्यम, स्थिर धग, असे ठेवा. कडांना पाल्याचा थर नसेल तर करपणे ठरलेलेच.

चिकन कच्चे राहण्यामागे आणखी दोन कारणे हमखास सापडतात : फ्रीजमधून काढून थेट मडक्यात गेलेले मांस आणि मुठीएवढ्या जाड पुड्या. पोपटी उघडल्यावर सगळ्यांत जाड तुकडा हाडाशी कापून बघण्याची सवय ठेवा. स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर आत ७४ अंश सेल्सिअस भरायला हवेत. रस लालसर दिसला तर पुड्या न सोडता मोदकपात्रात १५ मिनिटे वाफवा आणि पुन्हा कापून बघा. तोवर मंडळी शेंगा खातील. मडके परत भरून आगीत ठेवण्याच्या फंदात पडू नका, पहिली वाफ गेलेली असते आणि दुसऱ्यांदा फक्त करपते.

वालाचा दाणाही अर्धाकच्चा खाऊ नये. तो पचायला जड आणि पोटाला त्रासदायक असतो. दाणा चिमटीत दाबल्यावर सहज चुरला पाहिजे.

प्रश्न : आमच्या गटात दोन कुटुंबे शाकाहारी आहेत, शिवाय डिसेंबरचा बराचसा भाग मार्गशीर्षात जातो. एकाच मडक्यात शाकाहारी भाग वेगळा बांधून ठेवला तर चालेल का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : नाही. उलट्या मडक्यात चिकनचा रस पुड्यांतून झिरपतो आणि खालच्या थरांवर उतरतो. शाकाहारी मित्रांना न सांगता ते वाढणे बरोबर नाही आणि सांगितले तर ते खाणार नाहीत. ८-१० लिटरचे दुसरे मडके घ्या, त्याच आगीत हातभर अंतरावर लावा आणि बुडावर ओल्या खडूने ठळक खूण करा.

शाकाहारी मडके कमअस्सल समजू नका. दीड किलो शेंगांबरोबर रताळी, कोनफळाचे मोठे तुकडे, सालासकट मक्याचे कणीस, आणि ओले खोबरे, लसूण, मिरची, कोथिंबीर यांचे वाटण भरलेली छोटी वांगी घाला. कोनफळ आणि रताळे बुडाकडे, वांगी तोंडाकडे. फ्लॉवर, टोमॅटो, पनीर नको : पहिली दोन गळून पाणी सोडतात आणि पनीर रबरासारखे होते. दक्षिण गुजरातेत वलसाड–नवसारीकडे उंबाडियू नावाचा पदार्थ पापडी (वालाच्या जातीची शेंग), कंद आणि रानपाला मडक्यात घालून असाच उपड्या मडक्यात करतात. पोपटीचे ते सख्खे भावंडच, आणि मांसाशिवाय त्याचे काही अडत नाही.

प्रश्न : भांबुर्डा मिळाला नाही तर? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : भाताच्या कापलेल्या शेतात हिवाळ्यात उगवणारे हे तण. चुरडले की कापूर आणि ओव्याच्या मधला उग्र वास येतो, आणि पोपटीची ओळख त्या वासातच आहे. रायगडच्या बाजारांत शेंगांच्या हंगामात जुड्या विकायला येतात, तेव्हा येणाऱ्याकडून मागवणे उत्तम. ओल्या कापडात गुंडाळून दोन दिवस टिकतो. नाहीच मिळाला तर केळीच्या पानांचे अस्तर आणि थरांमध्ये पानओव्याची २५-३० पाने घाला, ओवा दीडपट करा. चव वेगळी येईल, पण चांगली येईल. रस्त्याकडेचे साधारण तसे दिसणारे कोणतेही झुडूप मात्र उपटून आणू नका. ओळखणाऱ्या माणसाने दाखवलेलाच पाला वापरा.

प्रश्न : इमारतीच्या गच्चीवर मडके लावता येईल का? – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : गच्चीवर उघडी आग करू नका. स्लॅब तापून वरचा जलरोधक थर खराब होतो, आणि वाऱ्यावर उडालेली ठिणगी कुणाच्या खिडकीत जाईल हे सांगता येत नाही. घरात जाड बुडाची हंडी वापरा. इथे उष्णता खालून येते, म्हणून हंडी उपडी करायची नाही, भरण्याचा क्रम मात्र तोच : तळाला जाळी, तिच्याखाली अर्धी वाटी पाणी, जाळीवर पाला, मग शेंगा आणि पुड्या, सगळ्यांत वर अंडी. झाकणाची फट कणकेने लिंपा. पाच मिनिटे मोठी आच, मग हंडीखाली तवा सारून मंद आचेवर ५० मिनिटे. धुराचा वास हवा असेल तर शेवटी निखारा वाटीत ठेवून त्यावर तुपाचे दोन थेंब टाका आणि पाच मिनिटे झाकून ठेवा. घरच्या हंडीत निम्मेच साहित्य घ्या.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. नाताळच्या सुट्टीत बारा मित्र जेवायला येणार आहेत. बाहेर बर्फ असेल. ओव्हनमध्ये जमेल? – एक वाचक

उत्तर : जमेल. भारतीय दुकानांतली फ्रोझन पापडी घ्या, पण सोललेली नको, अख्खी बघून घ्या. रात्रभर फ्रीजमध्ये वितळू द्या आणि टॉवेलवर तासभर पसरून कोरडी करा; हे टाळलेत तर पोपटीऐवजी पाणचट उसळ होईल. केळीची पानेही तिथेच फ्रोझन मिळतात. जाड झाकणाचे दोन ओतीव लोखंडी ओव्हन-भांडे घ्या, प्रत्येकी ६ लिटरचे. प्रत्येक भांड्यात दीड किलो पापडी, पाऊण किलो चिकनच्या मांड्या, अर्धा किलो लहान बटाटे आणि ६ अंडी. चारही बाजूंनी केळीचे पान, वरही पान, मग फॉइल आणि झाकण. ओव्हन आधी २०० अंश सेल्सिअसला तापवा आणि ७५ मिनिटे ठेवा. दोन भांड्यांमध्ये चार बोटे अंतर हवे, नाहीतर मधली बाजू मागे राहते. बाहेर काढल्यावर दहा मिनिटे झाकूनच ठेवा आणि चिकनचे तापमान तपासा.

प्रश्न : मडके आगीत तडकते. नवे घ्यावे की जुने? – एक वाचक, पनवेल

उत्तर : दोन्ही चालते, फक्त कोरडे हवे. बोटाने वाजवा : टणटणीत आवाज आला तर घ्या, बद्द आला तर आत बारीक चीर आहे. पाण्याने भरलेले मडके रिकामे करून लगेच आगीत घातले की भिंतीत मुरलेल्या पाण्याची वाफ होते आणि पापुद्रे उडतात. दोन दिवस उन्हात वाळवा. पहिली पाच मिनिटे धग बेताची ठेवा. पाण्याची चाचणी बोटांनीच करा, तांब्याने ओतलेत तर तापलेले मडके तिथेच फुटेल. रंगवलेले, चकचकीत लेप दिलेले शोभेचे मडके अजिबात नको. त्या रंगात काय आहे ते कळत नाही आणि ते अन्नात उतरते.