वसंतात समुद्री बर्फ कमजोर होतो, मग समुद्रातल्या तेलाच्या प्लॅटफॉर्मचं डिझाइन कोणत्या महिन्याच्या बर्फावर करतात?

'जाडी सर्वांत जास्त त्या महिन्यावर' असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. माझ्या सेमिनारला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी हेच ऐकवलं, वर 'भुसावळचा पोरगा आणि बर्फ!' म्हणून हसले. हॉलही हसला.

भुसावळच्या पोराला बर्फ नाही कळणार तर कुणाला? आमच्या नानांचा बर्फाचा कारखाना होता. मे महिन्यात बाहेर पारा ४५ ला टेकलेला, आत मिठाच्या पाण्याच्या टाकीत डबे सोडून लाद्या धरायच्या. ते पाणी शून्याखाली जाऊनही गोठत नाही, हे मला शाळेत जायच्या आधीपासून माहीत. एखादा डबा गळका निघाला की खारं पाणी आत शिरायचं, लादी भुसभुशीत व्हायची आणि रसवंतीवाला ती परत आणून आदळायचा.

समुद्राचा बर्फ म्हणजे जन्मजात गळक्या डब्याची लादी. गोठताना खारं पाणी बारीक कप्प्यांत अडकतं. गारठ्यात कप्पे आकसतात, ऊब आली की फुगतात. क्षारता हजारी ५ धरा. उणे २० अंशांना ब्राइन, म्हणजे कप्प्यांतलं खारं पाणी, दीड टक्का, उणे २ ला साडेबारा. टिमको-ओ'ब्रायन या संशोधकांच्या १९९४ च्या सूत्राने वाकण्याची ताकद (वाकून मोडेपर्यंत पेलला जाणारा ताण) ०.८६ वरून ०.२२ मेगापास्कलवर येते. जाडी तीच, ताकद पाव! आणि जाडी कळसाला पोचते हिवाळा सरताना, म्हणजे बर्फ ऊब धरायच्या बेतात असतानाच. हे मांडलं तर तेच परीक्षक सर म्हणाले, "ताकदीचा वर्षभर एकच आकडा धरा." ब्राइनचं विचारलं तर वेळ संपली.

वाकण्याची ताकद अशासाठी, की कॅनडातल्या कॉन्फेडरेशन पुलाच्या खांबांना पाण्याच्या पातळीवर शंकू आहेत. बर्फ त्यावर चढतो आणि चिरडण्याऐवजी वाकून मोडतो, त्यामुळे भार कमी येतो. उभ्या भिंतीला चिरडण्याची ताकद बघावी लागते, ते गणित वेगळं.

हो, एक राहिलंच. हे सगळं एका हिवाळ्यात धरलेल्या बर्फाचं. बरेच उन्हाळे काढलेल्या बर्फातलं मीठ झिरपून गेलेलं असतं, तो वसंतातही दणकट. १२ एप्रिल १९८६ ला कॅनडाच्या उत्तरेच्या ब्यूफोर्ट समुद्रात अशाच जुन्या बर्फाने मोलिकपाक हा तेल शोधायचा प्लॅटफॉर्म इतका हादरवला, की त्याच्या पोटात भरलेल्या वाळूचा काही भाग द्रवासारखा पातळ झाला.

तेव्हा महिन्यागणिक जाडी आणि तापमान जोडीने घ्या, जुन्या बर्फाचं गणित वेगळं करा. आणि तुमचे सरही एकच आकडा धरा म्हणत असतील, तर तो किती तापमानाचा, हे व्हायव्हात सगळ्यांसमोर विचारा.