वाचकांचे प्रश्न : जादा तास ओस का पडतात?

प्रश्न : मी सोलापुरातील एका महाविद्यालयात वाणिज्य शाखेच्या प्रथम वर्षाला लेखाकर्म शिकवतो. दिवाळीच्या सुमारास मागची बाके रिकामी होऊ लागतात आणि पहिल्या सत्राच्या निकालात तीच मुले दोन-तीन विषयांत अडकलेली दिसतात. दुपारी तीन वाजता जादा तास ठेवले, तरी गरजू मुले येत नाहीत. काय करावे?

उत्तर : आपली तळमळ पोचली. तथापि निकालापर्यंत थांबणे म्हणजे वरातीमागून घोडे. तिसऱ्या आठवड्यातच हजेरीपट आणि पहिल्या चाचणीचे गुण शेजारी ठेवावेत; दोन्हीकडे घसरलेली दहा-बारा नावे सहज सापडतात. त्यांना एकेकटे बोलवावे, सर्वांदेखत मुळीच नाही.

सोलापूरच्या पूर्वभागात यंत्रमागावर रात्री आठ ते सकाळी आठ अशी पाळी करून नऊच्या तासाला आलेल्या एका मुलाला मी एकदा डुलक्या घेतो म्हणून उभे केले होते; त्याच्या कानामागे अडकलेले सुताचे तंतू मला नंतर दिसले, आणि तो पुढे महिनाभर वर्गात आला नाही. असा मुलगा दुपारी दोन ते सातच झोपू शकतो. आपला तीनचा तास नेमका त्या झोपेवर पडतो.

दुसरी अडचण भाषेची. घरी तेलुगू, शाळेत मराठी आणि पुस्तक इंग्रजी अशी ज्याची स्थिती आहे, तो ‘डेप्रिसिएशन’ (वापराने मालमत्तेच्या किमतीत होणारी घट) या शब्दापाशी थबकतो. ‘घसारा’ म्हटले की हीच नोंद तो बिनचूक करतो, कारण अकरावीत ती त्याने केलेली असते. अशा चाळीसेक संज्ञांचा एक कागद पहिल्याच आठवड्यात हाती द्यावा.

पैशांबाबत केवळ ‘अर्ज भर’ म्हणून सोडू नये. बँक खाते आधारशी जोडलेले नसेल, तर महाडीबीटी या राज्य शासनाच्या संकेतस्थळावर मंजूर झालेली शिष्यवृत्तीही अडकते, तेव्हा मुलाला समोर बसवून अर्ज तपासावा. महाविद्यालयातच काम देणाऱ्या ‘कमवा आणि शिका’ योजनेतून मागावरची मजुरी भरून निघत नाही, हेही त्यांना स्पष्ट सांगावे.

जादा तास मात्र मागांच्या साप्ताहिक सुटीच्या दिवशी घ्यावा, आणि तो वार त्या दहा-बारा जणांनाच विचारावा.