अभिनयात जमलं नाही की नट व्हॉइस-ओव्हरकडे वळतात का? ऑस्वल्ड लॉरेन्स हा ब्रिटिश नट फक्त ‘माइंड द गॅप’पुरताच का उरला?

तुमच्या प्रश्नातला ‘फक्त’ खटकला, म्हणून लिहितोय. ‘माइंड द गॅप’, म्हणजे ‘फटीकडे लक्ष द्या’, ही लंडनच्या भुयारी रेल्वेच्या फलाटावर वाजणारी सूचना. ती लॉरेन्स यांच्या आवाजात होती.

लॉरेन्स ‘राडा’त (रॉयल अकॅडमी ऑफ ड्रॅमॅटिक आर्ट) शिकलेले, म्हणजे लंडनच्या ज्या नाट्यशाळेचं नाव सांगितलं की पुढे काही सांगावं लागत नाही तिथले. नंतर ते पर्यटन आणि जहाजसफरींच्या कामात होते, हेही खरं. 2007 मध्ये ते वारले. त्यांच्या पत्नी मार्गारेट मॅककॉलम या रेल्वेच्या एम्बँकमेंट स्टेशनात बसून त्यांचा आवाज ऐकायच्या. 2012 च्या नोव्हेंबरात तिथे दुसराच आवाज वाजला. त्यांनी विचारणा केली आणि 2013 मध्ये त्या एका फलाटावर जुना आवाज परत आला. ही गोष्ट लोक डोळे पुसत एकमेकांना सांगतात. त्या तीन शब्दांमागचं काम मात्र कुणी सांगत नाही.

एम्बँकमेंटचा उत्तरेकडे जाणारा फलाट 1914 च्या जुन्या वळणावर बांधलेला आहे. तेव्हा गाडी तिथे येऊन गोल फिरून परत जायची. डबा सरळ आणि फलाट वाकडा, मग दारापाशी फट पडणारच. पाऊल उचलायच्या आत सूचना कानात शिरली पाहिजे, म्हणून तीन शब्द. मुंबई लोकलमध्ये हीच सूचना पायदान, फलाट, अंतर असं सगळं घेऊन येते, तोवर माणूस जिन्यावर पोचलेला असतो. शिवाय 1968 च्या सुमारास ही कल्पना निघाली तेव्हा डिजिटल साठवण महाग होती, म्हणजे प्रत्येक सेकंद पैशात मोजलेला.

आता हे तीन शब्द बोगद्यात वाजवा. टाइल्सच्या भिंती, ब्रेकचा किरकिराट, माणसांचा गलका. खर्जातला भारदस्तपणा अशा जागी घुमतो आणि शब्दांचा लगदा होतो. शब्द कळतो तो व्यंजनांवर. ‘गॅप’मधला शेवटचा ‘प’ ओठ मिटून नीट सोडला नाही तर ऐकणाऱ्याला ‘गॅ’ एवढंच मिळतं. जोरात सोडला तर माइकवर फट्‌कन हवा आदळते. म्हणून तोंड माइकपासून वीतभर लांब, माइक ओठांच्या रेषेतून थोडा बाजूला कललेला, मध्ये पॉप फिल्टर, म्हणजे हवेचा झोत अडवणारी जाळी. मराठीत तर फ, भ, ख, घ आहेत, आपल्याला ही काळजी दुप्पट. रेकॉर्डिंगची पातळी मीटरवर उणे 12 ते उणे 6 डेसिबलच्या दरम्यान ठेवा. जोडांमध्ये भरायला खोलीची नुसती शांतता अर्धा मिनिट वेगळी रेकॉर्ड करा. नंतर एखादा शब्द बदलायची वेळ आली तर आधीचं वाक्य हेडफोनवर ऐकून मगच बोला, नाहीतर जोड उघडा पडतो. नायलॉनचा शर्ट आणि बांगड्या बाहेर.

अपयशी नटांबद्दल म्हणाल, तर टॉम बेकर घ्या. 1974 ते 1981 ‘डॉक्टर हू’ या टीव्ही मालिकेतला नायक डॉक्टर, ब्रिटनमधल्या घराघरात ओळखलेला चेहरा. पुढे ‘लिटल ब्रिटन’ या विनोदी मालिकेचं निवेदन त्याच्याच आवाजात. मोबाइलवरचे संदेश लँडलाइनवर वाचून दाखवणाऱ्या सेवेत 2006 मध्ये त्याचा आवाज आला, त्यासाठी त्याने 11,593 वाक्यखंड रेकॉर्ड केले. इतके लागतात, कारण यंत्र ध्वनींचे तुकडे जोडून नवं वाक्य बनवतं. एका ध्वनीतून दुसऱ्यात जातानाचा प्रत्येक सांधा कुठेतरी बोललेला असावा लागतो, आणि पहिल्या दिवसाचा सूर शेवटच्या दिवशीही तोच लागतो. दुपारी जेवून आवाज जड झाला की तेवढा भाग वाया. अपयशी माणसाचं हे काम नव्हे.

आणि ‘तीन शब्दांचे एवढे पैसे कसले?’ या वादाचं एकदा काय ते होऊन जाऊ द्या. लंडनच्या भुयारी रेल्वेत हा वाद सुरुवातीलाच झाला होता. ध्वनिअभियंता पीटर लॉज यांनी सांगितलेली हकिकत अशी की आधी एका नटाचा आवाज घेतला होता, पण त्याच्या बाजूने वापरामागे मानधन मागितलं गेलं. मग लॉज यांनी पातळी तपासायला स्वतः बोललेलंच काही ठिकाणी वापरलं गेलं. लोक या गोष्टीवर हसतात. माझ्या मते तो नट बरोबर होता. आवाजाची किंमत किती मिनिटं बोललात यावर ठरत नाही. कुठे, किती वर्षं, किती वेळा वाजणार यावर ठरते. करारात माध्यम, प्रदेश आणि मुदत लिहून घ्या. ‘सर्व हक्क, कायमचे’ दिसलं तर दर वाढवा. संगणकाला शिकवण्यासाठी आवाज वापरणार का, याचं कलम वेगळं मागा. जॉन ब्रिग्ज या निवेदकाने 2005 मध्ये तीन आठवडे बसून 5,000 वाक्यं रेकॉर्ड केली. 2011 मध्ये तोच आवाज ब्रिटनमधल्या आयफोनमध्ये सिरी म्हणून बोलू लागला.

अर्थात नवख्या माणसाला पहिल्या चार-पाच छोट्या कामांत हे मागता येत नाही, तिथे एकरकमी पैसे घ्यायला हरकत नाही. आणि लॉरेन्सना त्यांच्या अभिनयाच्या जोरावर आणखी किती मिळायला हवं होतं, याचं उत्तर माझ्याकडे नाही. माझा विषय माइकपासून पुढचा.