'ड्रेसडेन फाइल्स' आणि 'रिव्हर्स ऑफ लंडन' या मालिका वाचून संपल्या, आता कमी चर्चेतली अर्बन फँटसी (आधुनिक शहरात घडणारी जादूची कथा) कोणती वाचू?

सगळ्यात आधी मेगन लिंडहोमची 'विझर्ड ऑफ द पिजन्स' (1986) मिळवा. या लेखिकेला आपण रॉबिन हॉब या नावाने, ड्रॅगन-राजवाड्यांच्या कादंबऱ्यांसाठी ओळखतो, पण इथे तशी अपेक्षा ठेवू नका. सिअ‍ॅटलच्या फुटपाथवर राहणारा, व्हिएतनाम युद्धातून परतलेला एक बेघर माणूस हा यातला जादूगार. त्याच्या जादूला पथ्यं आहेत: कबुतरांची काळजी घ्यायची, खिशात डॉलरभरापेक्षा जास्त चिल्लर ठेवायची नाही. ही खरी जादू की युद्धाने पोखरलेलं मन, हा प्रश्न शेवटपर्यंत पाठ सोडत नाही. मला ते फार आवडलं. सुरुवात संथ आहे, पन्नासेक पानं कळ काढा.

लंडनची सवय सुटत नसेल तर केट ग्रिफिनची 'अ मॅडनेस ऑफ एंजल्स' (2009). इथे जादू शहरातूनच उगवते. कचऱ्यातून राक्षस उभा राहतो, टेलिफोनच्या तारांत उरलेल्या आवाजांतून निळे देवदूत जन्मतात. वाक्यं मात्र लांबच लांब, काहींना धाप लागते.

लॉरेन ब्यूक्सची 'झू सिटी' (2010) जोहान्सबर्गमध्ये घडते. गुन्ह्याचं ओझं माणसाला एखादा प्राणी होऊन चिकटतं. नायिकेच्या पाठीवर स्लॉथ (झाडाला लटकणारा संथ प्राणी) आहे. या कादंबरीला विज्ञानकथांसाठीचा आर्थर सी. क्लार्क पुरस्कार मिळालाय, तरी आपल्याकडे कुणाच्या हातात दिसत नाही.

आणि रॉक संगीत आवडत असेल तर एमा बुलची 'वॉर फॉर द ओक्स'. मिनिआपोलिस, गिटार आणि पऱ्यांचं युद्ध. थोडी जुनाट वाटेल, पण मजा येते.