शाळेच्या जुन्या बिल्डिंगवर अजून एक मजला चढवता येईल का?

येतो की, पण गच्चीवर कॉलमच्या सळया सोडल्यात म्हणजे सोय आहेच असं धरून चालू नका, सळया काय कोणीही सोडतं, खाली फाउंडेशन किती मजल्यांचं केलंय ते बघायचं. जुनं स्ट्रक्चरल ड्रॉइंग शोधा, नाहीच मिळालं तर एक-दोन कॉलमपाशी खड्डा घेऊन फुटिंग (कॉलमखालचा काँक्रीटचा पाया) उघडून बघावं लागतं. नुसत्या पाच इंची स्लॅबचं वजनच चौरस मीटरला ३०० किलोच्या वर जातं, भिंती, बेंच आणि पोरं वेगळी. म्हणून आधी स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे बिल्डिंगच्या मजबुतीची तपासणी करा, त्यात हॅमर टेस्ट (छोट्या हातोडीसारख्या यंत्राने ठोकून काँक्रीट किती कडक आहे ते बघणं) तर हवीच पण काँक्रीटचा कोअर, म्हणजे ड्रिलने कापलेला गोल तुकडा काढूनही तपासून घ्या.

स्लॅबखालून पोपडे पडतायत आणि तांबूस डाग दिसतायत म्हणजे आत सळई गंजून फुगलीये, तिथे वरवर प्लास्टर मारून रंग दिला की थोड्या दिवसांत परत तेच (बरेच जण हेच करतात, उद्घाटनाला रंग दिसतो, सळई कुठे दिसते).

आणि काम काढलंच आहे तर रॅम्पपण करून घ्या, १ फूट उंचीला १२ फूट लांबी, त्याहून खडा केला तर व्हीलचेअर ढकलणाऱ्याचा दम निघतो. तोडफोड आणि स्लॅब सुट्टीतच, खाली वर्ग भरलेले असताना अजिबात नको.