कलंदर कोणाला म्हणावं?

प्रश्न असा आहे : रूढी झुगारणाऱ्या कुणालाही 'कलंदर' म्हणता येतं का? उदाहरणार्थ, र. धों. कर्व्यांना?

कर्व्यांना नको. ते बंडखोर. १९२७ पासून १९५३ साली जाईपर्यंत त्यांनी लैंगिक शिक्षण आणि संततिनियमनाचा प्रचार करणारं 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं, अश्लीलतेचे खटले अंगावर घेतले. १९३४ च्या खटल्यात त्यांची बाजू डॉ. आंबेडकरांनी मांडली. एवढी चिकाटी कलंदराला झेपायची नाही. बंडखोराला रूढी मोडायची असते आणि ती मोडायलाच हवी हे चार लोकांना पटवायचंही असतं. कलंदराच्या लेखी ती असली काय नि नसली काय! (निवडणुकीत तिकीट कापलं की होणारे 'बंडखोर' इथे सोडून देऊ.)

शब्द आला फारसीतून. कलंदर म्हणजे भटके दर्वेश, सूफी फकीर. खानकाहच्या, म्हणजे सूफी मठाच्या, शिस्तीत राहणं त्यांना नामंजूर. त्यांच्यातले बरेच जण डोकं, दाढी, मिशा आणि चक्क भुवयाही भादरून टाकत, तेही दाढीला मान असलेल्या समाजात. सिंधमधल्या सेहवानचे लाल शाहबाज कलंदर आणि पानिपतचे बू अली शाह कलंदर ही त्यांतली ठळक नावं. उत्तरेत पूर्वी अस्वल-माकडांचे खेळ करणारा समाजही कलंदर म्हणवतो.

मराठीने यातला धर्म, भिक्षा, वस्तरा सगळं गाळलं आणि बेफिकिरी तेवढी ठेवली. वर स्वतःची एक अट घातली : माणसाच्या अंगी काही गुण हवा. पैसा, वेळ, लोकलाज कशाचीच पर्वा नाही, पण गातो असा की ऐकत राहावं, तो कलंदर. तसाच वागणारा पण गळा नसलेला माणूस आपल्याकडे उनाड किंवा वाया गेलेला ठरतो. 'विक्षिप्त' म्हणताना कपाळाला आठी असते, 'कलंदर' म्हणताना कौतुक. 'अवलिया' याच्या अगदी शेजारचा, फक्त त्यात थोडी गूढतेची छटा. गंमत म्हणजे मुळात ते 'वली'चं (म्हणजे संतपुरुषाचं) अरबी अनेकवचन. आपण खुशाल 'एक अवलिया' म्हणतो.

व्याकरणाने 'कलंदर बाई' म्हणायला काहीच आडकाठी नाही. तरी हा शब्द बाईला लावलेला फार क्वचित आढळतो. घरदार वाऱ्यावर सोडणाऱ्या पुरुषाचं कौतुक करायला भाषेत शब्द आहे. तेच बाईने केलं तर कोणते शब्द वापरतात, ते इथे लिहायची गरज नाही.